एका ओळीचे मोल : कोट्यवधी नोंदींचे तक्ते कसे आखावेत

शाळेच्या कार्यालयातील जनरल रजिस्टर हा आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा पहिला लिखित दस्तऐवज आहे. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नव्हते, ज्यांच्या जन्माची नोंद कोणी केली नव्हती, त्यांचे नाव, जन्मतारीख, जात व धर्म प्रथम लिहिले गेले ते शाळेतच. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, नोकरी हे सारे त्या एका ओळीवर उभे राहिले. ती ओळ चुकली की पुढचे सारेच अडले, हे आपल्या पालकांना निराळे सांगावयास नको.

आता ती ओळ कागदावरून संगणकात गेली आहे. कागदी रजिस्टरात काही हजार ओळी असतात. संगणकातील तक्त्यात त्या काही कोटी, प्रसंगी काही अब्ज होतात. एवढ्या नोंदींत आपल्या मुलाची नोंद क्षणात सापडणे किंवा न सापडणे हे यंत्राच्या किमतीपेक्षा तक्ता कसा आखला आहे यावर अधिक अवलंबून असते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत आणि आणखी काही त्या वाटेवर आहेत. म्हणून या विषयाची ओळख प्रस्तुत लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे. गणित सोपे ठेवले आहे. ज्यांना पाढे येतात त्यांना ते समजावे.

१. तक्त्याची कल्पना

आज बँका, रेल्वे, विद्यापीठे व शासकीय कार्यालये ज्या पद्धतीने माहिती साठवितात तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. तिचा पाया एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने घातला. अमेरिकेतील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी १९७० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोठ्या व अनेकांनी सामायिकपणे वापरावयाच्या माहितीसाठ्यांची रचना कशी असावी, हाच त्या निबंधाचा विषय होता. पुढे १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कॉड यांचे म्हणणे थोडक्यात असे : माहिती साध्या तक्त्यांत मांडावी. प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या विधानातील एक बाब. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध जोडावयाचा तो त्यांतील मूल्यांनी, म्हणजे क्रमांकांनी. माहिती डिस्कवर कोठे व कशी ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. एखाद्या राज्यातील एक कोटी विद्यार्थ्यांची रोजची हजेरी संगणकात नोंदवावयाची आहे आणि वर्षात शाळा २२० दिवस भरते, असे धरू. प्रत्येक विद्यार्थ्याची रोज एक ओळ लिहिली, तर वर्षाला २२० कोटी ओळी होतात. शिष्यवृत्ती हजेरीच्या टक्केवारीवर द्यावयाची असेल, तर यांपैकी प्रत्येक ओळीला पैशाचे मोल आहे.

२. एक तथ्य, एक जागा

नवशिका मनुष्य हजेरीच्या तक्त्यात साहजिकच सर्व काही लिहितो : विद्यार्थ्याचे नाव, शाळा, गाव, तालुका, जिल्हा, जात, तारीख, हजर की गैरहजर. शंभर ओळींपर्यंत यात काही बिघडत नाही. २२० कोटी ओळींत मात्र दोन संकटे उभी राहतात.

पहिले संकट जागेचे. संगणकात प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. मात्रा, अनुस्वार व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे होत. 'छत्रपती संभाजीनगर' या नावात अशी सोळा चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे एकूण ४९ बाइट. त्याऐवजी जिल्ह्याचा क्रमांक लिहिला, तर दोन बाइट पुरतात. जिल्ह्याच्या नावाला सरासरी २५ बाइट लागतात असे धरले, तरी २२० कोटी ओळींत केवळ जिल्ह्याचे नाव ५५ गिगाबाइट जागा खाते.

दुसरे संकट त्याहून मोठे, ते सत्याचे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्यांच्या स्वतंत्र तक्त्यात प्रत्येक जिल्ह्याची एकच ओळ असेल, तर दोन ओळी बदलल्या की काम झाले. नाव प्रत्येक हजेरीच्या ओळीत असेल, तर कोट्यवधी ओळी बदलाव्या लागतात. त्यांतल्या काही बदलल्या आणि काही राहिल्या, म्हणजे एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात. अशा वेळी यंत्र चूक दाखवीत नाही. ते शांतपणे चुकीची बेरीज देते.

म्हणून नियम असा की एक तथ्य एकाच जागी लिहावे आणि इतरत्र त्याचा फक्त क्रमांक द्यावा. आपल्या उदाहरणात विद्यार्थी, शाळा, तालुका, जिल्हा यांचे तक्ते वेगळे होतील आणि हजेरीच्या ओळीत विद्यार्थ्याचा क्रमांक, तारीख व स्थिती एवढेच उरेल. या प्रक्रियेला नॉर्मलायझेशन म्हणतात.

परंतु वेगळे करताना विचार अपुरा पडला तरीही नुकसान होते. विद्यार्थ्याच्या तक्त्यात 'शाळा' हा एकच रकाना ठेवला असे समजा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसते आणि हंगाम संपल्यावर परत येते. त्याची शाळा बदलली की जुन्या शाळेचे नाव पुसले जाते आणि आधीची सारी हजेरी नव्या शाळेच्या नावावर जाते किंवा हिशेबातून गळते. ज्या मुलाला शिष्यवृत्तीची गरज सर्वांत अधिक, त्याचेच वर्ष अर्धे दिसते. यावर उपाय म्हणजे 'प्रवेश' नावाचा आणखी एक तक्ता. त्यात विद्यार्थी, शाळा, केव्हापासून आणि केव्हापर्यंत असे चार रकाने असावेत. मूल जितक्या वेळा शाळा बदलील तितक्या ओळी. काहीही पुसावयाचे नाही, फक्त नवी ओळ जोडावयाची.

जात आणि धर्म यांचेही असेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश मात्र १९९० च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे एकाच व्यक्तीची धर्माची नोंद 'बौद्ध' आणि अनुसूचित जातीची नोंद 'महार' अशी दोन स्वतंत्र तथ्ये कायद्याने एकत्र नांदू शकतात. ज्या तक्त्यात या दोहोंसाठी मिळून एकच रकाना आहे, त्यात आपल्या मुलाने एक सत्य लिहिले की दुसरे लिहिता येत नाही. त्याचा अर्ज नाकारण्याचा निर्णय कोणा अधिकाऱ्याने घेतलेला नसतो. तो त्या रकान्याने घेतलेला असतो. तक्ता आखणे हे केवळ तांत्रिक काम नव्हे, ते यासाठी.

३. ओळख-क्रमांक : पुरेसा मोठा आणि निःशब्द

प्रत्येक ओळ निश्चितपणे ओळखता यावी म्हणून तिला एक अनन्य क्रमांक असतो. त्याला प्रायमरी की म्हणतात. तो नाव असू शकत नाही, कारण एकाच गावात एकाच नावाच्या चार व्यक्ती असतात आणि एकाच व्यक्तीचे आडनाव चार कागदांवर चार प्रकारे लिहिलेले असते.

हा क्रमांक पुरेसा मोठा असावा लागतो. संगणकात पूर्णांक साठविण्याच्या नेहमीच्या पद्धतीत चार बाइट जागा मिळते आणि तीत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मावते. हजेरीच्या प्रत्येक ओळीला एकापासून सुरू होणारा क्रमांक दिला, तर रोज एक कोटी या वेगाने ही मर्यादा पहिल्याच वर्षी, शाळेच्या २१५ व्या दिवशी संपते. म्हणजे नेमक्या वार्षिक परीक्षेच्या सुमारास नवी ओळ लिहिण्यास यंत्र नकार देईल.

ही कल्पनेतील भीती नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या कार्यव्यवस्थापनाच्या प्रसिद्ध सेवेत अशा एका तक्त्याचा क्रमांक नेमक्या याच मर्यादेला पोहोचला. काही तास ती सेवा केवळ वाचता येत होती, तीत काही नवे लिहिता येत नव्हते. आठ बाइटांचा पूर्णांक घेतला, तर मर्यादा नवावर अठरा शून्ये इतकी मोठी होते. कोट्यवधी ओळींच्या तक्त्यात हा फरक आरंभीच करणे सोपे असते. पुढे तोच बदल करताना प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागते आणि तोवर चालू काम थांबण्याचा धोका असतो.

तथापि प्रत्येक ठिकाणी मोठा आकडा घेणे हेही शहाणपणाचे नाही. विद्यार्थी एक कोटी आहेत. पन्नास वर्षांतही त्यांची संख्या २१४ कोटींवर जाणार नाही. तेथे चार बाइट पुरेत. शिवाय हजेरीच्या ओळीला स्वतंत्र क्रमांकाची गरजच नाही. विद्यार्थी आणि तारीख ही जोडी मिळूनच तिची ओळख होते. त्या जोडीलाच प्रायमरी की केले की एका विद्यार्थ्याची एका दिवशी दोनदा हजेरी लागणे अशक्य होते. हा पहारा माणसाच्या सावधगिरीवर न सोडता तक्त्याच्या रचनेतच बसविला जातो.

क्रमांकाचा दुसरा गुण म्हणजे त्याने काही बोलू नये. पुष्कळ ठिकाणी क्रमांकात वर्ष, जिल्हा, शाळा, प्रवर्ग असे सारे कोंबण्याचा मोह होतो. जिल्ह्याचे विभाजन झाले वा प्रवेशाचा प्रवर्ग दुरुस्त झाला, म्हणजे क्रमांक खोटा ठरतो. तो बदलावा, तर इतर सर्व तक्त्यांतील दुवे तुटतात. आधार क्रमांकाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी देण्यात आला. एप्रिल २०१६ पर्यंत क्रमांकधारकांची संख्या शंभर कोटींवर गेली. हा क्रमांक बारा अंकी आहे. त्यातील शेवटचा अंक लिहिण्यातील चूक पकडण्यासाठी असतो. उरलेल्या अंकांत राज्य, लिंग, वय, जात यांपैकी काहीही दडलेले नाही. आधार कायद्यानुसार नोंदणीच्या माहितीत जात व धर्म घेतलेही जात नाहीत.

आमच्या मते या मुद्द्याला तंत्रापलीकडचा अर्थ आहे. वर्गात हजेरी घेताना उच्चारला जाणारा, परीक्षेच्या बैठकीवर चिकटविला जाणारा क्रमांक जर मुलाचा प्रवर्ग सांगत असेल, तर ज्या भेदाविरुद्ध आपल्या शाळा उभ्या राहिल्या तोच भेद अंकांचा वेश घेऊन परत आला असे होईल. सवलतीसाठी सामाजिक माहिती हवीच; परंतु तिची जागा स्वतंत्र तक्त्यात, आणि तो तक्ता उघडण्याचा अधिकार ज्यांना कामापुरता आवश्यक आहे त्यांनाच. सुदैवाने येथे वेग आणि प्रतिष्ठा यांची वाट एकच आहे : क्रमांक लहान, स्थिर आणि निःशब्द ठेवावा.

४. शोधाची वाट

२२० कोटी ओळींतून एका विद्यार्थ्याची ओळ कशी शोधावी? प्रत्येक ओळ आवश्यक जोड-माहितीसह सुमारे ४० बाइट धरली, तर तक्ता ८८ गिगाबाइटांचा होतो. सेकंदाला २०० मेगाबाइट वाचणारी डिस्क तो संपूर्ण चाळण्यास सात मिनिटांहून अधिक वेळ घेईल. एका पालकाच्या एका प्रश्नासाठी सात मिनिटे, आणि दाराशी पालक हजारो.

यावरील उपाय म्हणजे इंडेक्स, म्हणजेच शोधसूची. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही. आजच्या बहुतेक डेटाबेसमध्ये वापरली जाणारी सूचीची रचना, बी-ट्री, रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्रेट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत असताना सिद्ध केली. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. कल्पना सोपी आहे. सूचीच्या एका पानावर सुमारे ३०० दिशादर्शक नोंदी मावतात असे समजा. पहिले पान ३०० पानांकडे बोट दाखविते, त्यांतील प्रत्येक पान आणखी ३०० पानांकडे. दोन पायऱ्यांत ९० हजार, तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख आणि चार पायऱ्यांत ८१० कोटी नोंदी कवेत येतात. म्हणजे २२० कोटींतील हवी ती ओळ चार पाने उलटून सापडते. नोंदी तीनशेपट झाल्या, तरी वाट फक्त एका पायरीने लांबते.

मात्र सूचीत रकान्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. आडनावानुसार लावलेल्या यादीत आडनाव माहीत असेल तरच शोध जलद होतो. केवळ 'रमा' एवढेच ठाऊक असेल, तर सारी यादी वाचावी लागते. त्याचप्रमाणे 'विद्यार्थी, मग तारीख' अशी सूची एका मुलाची वर्षभराची हजेरी तात्काळ देते, परंतु 'आज राज्यात किती मुले गैरहजर' या प्रश्नाला ती फारशी उपयोगी नाही. त्यासाठी तारखेने सुरू होणारी सूची हवी.

मग सर्वच रकान्यांवर सूची का करू नये? कारण प्रत्येक नवी ओळ लिहिताना प्रत्येक सूचीतही नोंद करावी लागते. रोज सकाळी एक कोटी ओळी येतात. चार सूची असतील तर आणखी चार कोटी नोंदी. म्हणून लोक कोणते प्रश्न रोज विचारणार आहेत ते आधी लिहून काढावे आणि तेवढ्याच सूची कराव्यात. तक्ता माहितीवरून आखतात, सूची प्रश्नांवरून.

५. विभागणी

एक तक्ता फारच मोठा झाला की त्याचे भाग करतात. याला पार्टिशन म्हणतात. मतदार यादी हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. ती विधानसभा मतदारसंघानुसार व त्यातही यादी भागानुसार विभागलेली असते. मतदान केंद्रावरील अधिकारी आपला भाग तेवढा उघडतो; उरलेल्या राज्याच्या यादीशी त्याला कर्तव्य नसते.

विभागणी कोणत्या तत्त्वावर करावी हे प्रयोजनावरून ठरते. आपल्या सुत्तपिटकाची रचना या दृष्टीने पाहावी. दीघनिकायात ३४ दीर्घ सुत्ते आहेत, मज्झिमनिकायात मध्यम लांबीची १५२. संयुत्तनिकायाची मांडणी विषयवार आहे, तर अंगुत्तरनिकायाची एकापासून अकरापर्यंतच्या संख्यांनुसार. पाठांतराने जतन होणाऱ्या एवढ्या मोठ्या संग्रहात हवे ते सापडण्यासाठी मांडणीची किती निकड असते, हे त्या भिक्खूंनी जाणले होते.

हजेरीच्या तक्त्याची स्वाभाविक विभागणी शैक्षणिक वर्षानुसार होईल. चालू वर्षाचा प्रश्न चालू वर्षाच्याच भागात सुटतो. जुने वर्ष अभिलेखागारात हलवावयाचे असेल, तर तो भाग अलगद वेगळा करता येतो. कोट्यवधी ओळी एकेक करून पुसण्यास जो वेळ लागतो, तो वाचतो. येथे एकच दक्षता घ्यावी : ज्या रकान्यावर विभागणी केली तो रकाना प्रश्नात असला पाहिजे. 'अमुक मुलाची हजेरी दाखवा' एवढेच विचारले आणि वर्ष सांगितले नाही, तर यंत्राला सर्व भाग उघडावे लागतात.

६. न लिहिलेली ओळ

सर्वांत वेगवान ओळ ती, जी लिहावीच लागत नाही. बहुतेक मुले बहुतेक दिवशी हजर असतात. मग हजर मुलांच्या ओळी कशाला? केवळ गैरहजेरी लिहावी. दहा टक्के मुले गैरहजर असतात असे धरले, तर २२० कोटींऐवजी २२ कोटी ओळी पुरतात.

ही युक्ती मोहक आहे, पण तीत एक फसवणूक दडली आहे. एखाद्या पाड्यावरील शाळेत आठवडाभर नेटवर्क नसेल, तर तेथून एकही ओळ येणार नाही आणि यंत्र म्हणेल की सर्व मुले हजर होती. याच्या उलट, हजर मुलांच्याच ओळी लिहिल्या असत्या, तर त्याच शाळेतील सर्व मुले गैरहजर ठरून त्यांची शिष्यवृत्ती बुडाली असती. 'गैरहजर' आणि 'नोंदच नाही' ही दोन भिन्न सत्ये आहेत आणि तक्त्याने ती भिन्नच ठेवली पाहिजेत.

त्यासाठी आणखी एक छोटा तक्ता पुरतो : कोणत्या तुकडीची कोणत्या दिवशी हजेरी घेतली गेली, याची एक ओळ. एका तुकडीत ४० मुले धरली, तर अडीच लाख तुकड्यांच्या २२० दिवसांच्या साडेपाच कोटी ओळी होतात. गैरहजेरीच्या २२ कोटी मिळवून एकूण साडेसत्तावीस कोटी, म्हणजे मूळ संख्येच्या एक अष्टमांश. तुकडीची ओळ आहे आणि मुलाची गैरहजेरी नाही, तर मूल हजर. तुकडीची ओळच नाही, तर नोंद नाही. तेव्हा शाळेला विचारावे, मुलाला दंड करू नये.

७. समारोप

जे विद्यार्थी या क्षेत्रात जाऊ इच्छितात त्यांना आमचे सांगणे असे की तक्ता आखताना तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : एक ओळ नेमके कोणते विधान करते, वर्षाला किती ओळी येतील, आणि लोक तिला कोणते प्रश्न विचारतील. त्यानंतर खोट्या माहितीच्या काही कोटी ओळी भरून वेळ मोजावा. हजार ओळींवर जलद चालणारा तक्ता कोटींवर तसाच चालेल असे गृहीत धरू नये. हे सारे पोस्टग्रेएसक्यूएल वा मायएसक्यूएल या विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणालींवर घरच्या संगणकावरही करून पाहता येते.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाचे नाव, आडनाव व जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात, आधारवर आणि प्रमाणपत्रावर, तसेच धर्म व जात रजिस्टरात आणि प्रमाणपत्रावर एकसारखी आहेत ना, हे मूल लहान असतानाच ताडून पाहावे. यंत्र दोन निराळ्या लेखनांना दोन निराळ्या व्यक्ती समजते.

कोट्यवधी ओळींत एक ओळ हरवली, तर टक्केवारीत ती दिसतही नाही. पण ज्याची ती ओळ असते त्याच्यासाठी ती संपूर्ण असते. एका व्यक्तीला एक मत आणि प्रत्येक मताचे मूल्य समान, या तत्त्वाचा आग्रह बाबासाहेबांनी धरला. माहितीच्या तक्त्यालाही तीच कसोटी लावावी. तो किती मोठा आहे यावरून त्याची पारख होऊ नये; त्यातील शेवटची ओळ पहिल्या ओळीइतक्याच खात्रीने सापडते का, यावरून व्हावी.